तिकीट बोटीचं, चालाचं आपनच

वऱ्हाडात समुद्र नाही, पण खारं पाणी भरपूर आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरलाय, ४,७०० चौरस किलोमीटरच्या आसपास. समुद्राने इकडे यायचं टाळलं आणि नुसतं मीठ पाठवून दिलं. जहाजं, बंदरं, लाटा, बांगडे हा बाकीचा सरंजाम कोकणाने ठेवून घेतला. वऱ्हाडी माणूस बोटीत बसतो तो एकदा शाळेच्या सहलीत आणि पुढे कधी पूर आला तर. मधल्या काळात त्याचं काही अडत नाही.

अशा मुलखात क्रूझ शिरली ती पोरांमुळे. पोरं इंजिनिअर होऊन आधी पुण्याला गेली, तिथून जर्मनीला गेली. इकडे मायबाप निवृत्त झाले आणि तिकडे पोरांना अपराधी वाटू लागलं. युरोपातल्या नदीपर्यटनाचा निम्मा धंदा या अपराधी भावनेवर चालत असावा असा माझा अंदाज आहे. आमचे अकोल्याचे साडभाऊ आणि मोठी मेव्हणी म्हणजे आमच्या ताई असेच म्युनिकच्या लेकाकडे गेले आणि डॅन्यूब नदीतून पासाऊ ते बुडापेस्ट बोटीने फिरून आले. येताना चॉकलेटं आणली, एक मनगटी घड्याळ आणलं जे पावलं आणि नाडीचे ठोके मोजतं, आणि आणली एक कल्पना. चॉकलेटं संपली. कल्पना राहिली.

कल्पना अशी. सकाळी नाश्ता झाला की बोट काठाला लागते. बोटीच्या पोटातून सायकली निघतात. लोक हेल्मेटं चढवतात आणि काठाकाठाने पायडल मारत निघतात. ऑस्ट्रियात मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ खोऱ्यातला टप्पा तर त्यासाठीच प्रसिद्ध, पस्तीसेक किलोमीटरचा, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा. बोट आपली पुढे जाते आणि पुढच्या गावी धक्क्याला लागून त्यांची वाट पाहते. सायकल नको असेल त्याच्यासाठी डोंगर आहे, तो चढायचा. संध्याकाळी सगळे घामाघूम होऊन परत बोटीत, जेवायला.

साडभाऊ हे सगळं आमच्या अमरावतीच्या घरी ओसरीत बसून सांगत होते. सासरे ऐकत होते. त्यांनी शेवटी विचारलं, "म्हंजे तिकीट बोटीचं आन् चालाचं आपनच?"

"हाव."

"मंग बोटीत कोन बसते?"

साडभाऊंनी थोडा विचार केला. "सामान," ते म्हणाले.

ताईंचं म्हणणं वेगळं. त्या अकोटच्या. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या बाईला डोंगर दाखवून चकित करणं अवघड. ड्युर्नस्टाइन नावाच्या गावी बोट थांबली तेव्हा त्यांना एका पडक्या किल्ल्यावर चढवलं. तिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड, तोच तो सिंहहृदयी, ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत होता. "राजाले कोंडलं होतं म्हने," ताई म्हणाल्या. "दोन भिती आन् एक खिडकी उरली हाये. लोक फोटो काढून राह्यले, मी म्हनलं, एवढ्या जागेत आमच्या नरनाळ्यावर गुरंबी मावत नाई."

अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. शहानूर गावाकडून नरनाळ्याला चढायला लागलं की एकामागून एक दरवाजे लागतात. त्यातला महाकाली दरवाजा १४८७ सालचा, फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कने बांधलेला. म्हणजे एलिचपूरची इमादशाही सुरू व्हायच्याही आधीचा. वर तलावांवर तलाव आहेत, नऊ गजी तोफ आहे. इतकं असून तिथे कुणी जर्दाळूची वाईन देत नाही. आपण तिथे जातो, 'केवढा होता नाही किल्ला!' म्हणतो, डबा उघडतो आणि माकडांना चुकवत जेवतो. ऑस्ट्रियाने दोन भिंतींवर जे उभं केलं ते आपल्याला आख्ख्या तटावर जमलं नाही, याचं मला वाईट वाटलं. ताईंना वाटलं नाही. "उगाच गर्दी झाली असती," त्या म्हणाल्या.

तर कल्पना अशी की हेच आपण इकडे करायचं. बोट, डोंगर, सायकल, एका दिवसात. साडभाऊंनी कागद मागवला.

पहिला प्रश्न पाण्याचा निघाला. वऱ्हाडात प्रत्येक कामात पहिला प्रश्न तोच असतो. मोर्णा नदी अकोल्याच्या मधून जाते, पण तिच्यात बोट घालायची म्हणजे आधी जलकुंभी काढायची. २०१८ साली अकोलेकरांनी ती हातांनी काढलीही होती, हजारोंनी नदीत उतरून, आणि पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचं कौतुक केलं होतं. जलकुंभीने तो कार्यक्रम ऐकला नसावा. पूर्णा नदी हिवाळा सरता सरता इतकी आटते की बोट लोकांना नेण्याऐवजी लोकांना बोट न्यावी लागेल. राहता राहिली धरणं. अमरावतीच्या माणसाने सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा सुचवलं, अकोल्याच्या माणसाने महानचं काटेपूर्णा. यावर अर्धा तास गेला, कारण प्रश्न बोटीचा राहिला नाही, कुणाचं धरण मोठं हा झाला. अकोल्याने हार मानली, पण काटेपूर्णेला अभयारण्य आहे हे तीनदा सांगून.

या वादात मला एक गोष्ट कळली. वऱ्हाडात पाणी माणसाला कुठे नेत नाही, माणूसच पाण्याला नेतो. सिंभोऱ्याचं पाणी नळातून अमरावतीपर्यंत प्रवास करतं, महानचं अकोल्याला जातं. डोंगर, शेतं, गावं, सगळं बघत बघत येणारा खरा प्रवासी तोच, आणि तोही सगळ्यांच्या घरी रोज पोचेल असं नाही. अकोल्याची कावडयात्रा पाहा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी हजारो तरुण गांधीग्रामला पूर्णेच्या काठी जातात, नदीचं पाणी भरून घेतात आणि अठरा-वीस किलोमीटर अनवाणी चालत राजराजेश्वराच्या मंदिरापर्यंत खांद्यावर आणतात. १९४४ च्या दुष्काळात पावसासाठी साकडं घालायला ही प्रथा सुरू झाली असं सांगतात. शेकडो भरण्यांच्या कावडी असतात, एकेक उचलायला डझनावारी खांदे लागतात. डॅन्यूबवर नदी माणसाला उचलते. इथे माणूस नदीला उचलतो, आणि वर गाणी म्हणतो. काठावर उतरून चालण्याचं जर्मन लोक एवढे पैसे देतात हे कावडवाल्यांना सांगितलं तर ते म्हणतील, राजेहो, पानी तं घेऊन जा थोडंसं, रिकाम्या हातानं काऊन चालता?

हेच तर आहे. वऱ्हाडी माणूस चालायला कधी नाही म्हणत नाही, फक्त त्याला कारण लागतं. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी १५९४ पासून पंढरपूरला पायी जाते अशी परंपरा सांगतात. रुक्मिणी मात्र स्वतः तिथून रथात बसून गेली होती, पण ते प्रकरण वेगळं. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी यात्रा भरते. गाडगेबाबांनी तिथे घाट बांधला तो लोकांना नदीत नीट उतरता यावं म्हणून. वल्हवत कुठे जावं असं त्यांच्याही मनात आलं नाही. आमचा सगळा जलविहार काठावर होतो. नदीत पाय बुडवायचे, हात धुवायचे आणि जेवायला बसायचं.

आणि व्यायामाचं म्हणाल तर जर्मनीला तो आम्ही शिकवून आलोय. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ तिकडे गेला होता आणि कबड्डीसह आपले देशी खेळ त्यांनी तिथे करून दाखवले. त्या काळी अमरावतीचा माणूस व्यायाम दाखवायला जर्मनीला जायचा. आता जर्मनी त्याला हेल्मेट घालून व्यायाम करायला लावते आणि बिलही देते.

अखेर चिखलदरा ठरलं. तिथे शक्कर तलावात बोट आहे, गाविलगड आहे, आणि घाट आहे. अकोल्याची मंडळी आदल्या संध्याकाळी अमरावतीला येऊन पोचली. आल्या आल्या साडभाऊंनी सवयीप्रमाणे रस्त्याची गोष्ट सांगितली. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला. आधीचा विक्रम कतारचा होता, पंचवीस किलोमीटरचा. साडभाऊंच्या मते विक्रम अकोल्याचा, कारण रस्ता मूर्तिजापूर तालुक्यातल्या माना गावापर्यंत केला. मी म्हटलं सुरुवात लोणीपासून झाली, लोणी अमरावतीचं. कतारचं कुणीच काही बोललं नाही.

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, त्यामुळे साडेआठला निघालो. सायकली भाच्यांच्या, त्या छोट्या हत्तीत. छोट्या हत्तीतच गवऱ्या, कणीक, तुपाची बरणी, वांगी, एक मोठं गंज, आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला माझी बायको. डॅन्यूबवर बोट सायकली नेते, इथे पिकअप गवऱ्या नेते. तत्त्व एकच. परतवाड्याला आलूबोंडा झाला, तर्री घेऊन. तिथून पुढे घाट. साडभाऊंनी तिथे गाडी थांबवली, सायकल खाली उतरवायला लावली, मनगटावरचं घड्याळ सुरू केलं आणि जाहीर केलं की घाट ते सायकलवर चढणार. परतवाडा ते चिखलदरा सातशेहून अधिक मीटरचा चढ आहे. अमरावती-अकोल्याकडे आता दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करणारे सायकलवाले आहेत, ते हा घाट मजेसाठी चढतात. साडभाऊ दुसऱ्या वळणापर्यंत चढले. मग सायकल छोट्या हत्तीत गेली, फक्त एवढ्या वळणापुरती, आणि साडभाऊ तिच्यामागोमाग. पुढची सगळी वळणं एवढीच निघाली.

चिखलदरा १,१०० मीटरवर आहे. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकला, म्हणून कीचकदरा, आणि भीमाने जिथे हात धुतले ते भीमकुंड, अशी कथा. वर सांगितलं ना, आमच्याकडची जलक्रीडा हात धुण्यापुरतीच. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे, पण टपरीवर चहाच मिळतो.

शक्कर तलावातली बोट पायडलची निघाली. इथे मला वऱ्हाडाच्या पर्यटनबुद्धीचं खरं कौतुक वाटलं. युरोपात बोट वेगळी आणि सायकल वेगळी ठेवतात, म्हणून माणसाला उतरावं लागतं, चढावं लागतं, हेल्मेट शोधावं लागतं. आमच्याकडे बोटीतच सायकल बसवलेली आहे. तिकीट काढा, बसा आणि पायडल मारा, दोन्ही कामं एका जागी. साडभाऊ आणि ताई एका बोटीत बसले. साडभाऊ वजनाला पंच्याण्णवच्या पुढे, ताई त्याच्या अर्ध्या. बोट साडभाऊंच्या बाजूने कलली आणि गोल फिरू लागली. ते जोरात मारत होते, ताई पाय उचलून बसल्या होत्या, त्यामुळे फेरा अगदी गोल आला. काठावर शिट्टी घेतलेला माणूस होता. दुसऱ्या बोटी तलावाच्या त्या टोकाला गेल्या की तो ओरडायचा, "चार नंबर, टाइम झाला, परत या!" या दोघांना त्याने काहीच म्हटलं नाही. ती बोट त्याच्या समोरच होती.

"डॅन्यूबवर असं ओरडत नाईत," उतरल्यावर साडभाऊ म्हणाले.

"तिकडे तुम्ही पायडल मारलं नाई," ताई म्हणाल्या.

मग गाविलगड. हा किल्ला चालत बघायचा तर पायांची तयारी हवी. बाहेरचा तट, आतला तट, मधे उतार, शार्दूल दरवाज्यावरची शिल्पं, देवतलाव, माछी तलाव. इथे पाणी आहे, पण बोट नाही, आणि ते बरंच आहे. मी सगळ्यांना आर्थर वेलस्लीची गोष्ट सांगितली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूवाला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ ला त्याने अडगावची लढाई जिंकली, आजच्या अकोला जिल्ह्यातली, आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला, आजच्या अमरावती जिल्ह्यातला. पंधरवड्यात अकोला-अमरावती, तेही किल्ल्यासकट. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून रस्ता तयार करत करत तोफा ओढून उत्तरेच्या बाजूला आणल्या, कारण चढाई तिकडूनच जमण्यासारखी होती. बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, आतल्या तटाला शिडी लावून कॅप्टन कॅम्पबेलची माणसं आत उतरली. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्या शिडीच्या जागेपर्यंत जाऊ म्हणालो तर मंडळींनी घड्याळं पाहिली.

"त्याच्याकडे स्वयंपाकी होता," साडभाऊ म्हणाले. "आपल्याले खाली जाऊन रोडगे कराचे हायेत."

यावर इतिहास काय बोलणार. गाविलगडावर आणि आसपास आर पेटवता येत नाही. मेळघाट आहे, १९७३-७४ पासूनचा व्याघ्रप्रकल्प, देशातल्या पहिल्या नऊंपैकी, आणि वाघाला गवऱ्यांचा धूर आवडत असेल असं वाटत नाही. म्हणून रोडग्यांचं ठिकाण पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातल्या एका नातेवाइकाच्या संत्र्याच्या बगिच्यात. सायकलींचा उतार तिथपर्यंत. भाचे दोन्ही ब्रेक दाबत, ओरडत, वळणावळणाला घंटी वाजवत उतरले. ताईंनी सायकल हातात धरून शंभर पावलं चालवली, फोटो काढला आणि छोट्या हत्तीत टाकली. त्या दिवशी सगळ्यात जास्त फिरल्या त्या सायकली. त्यांनी घाट दोन्ही बाजूंनी पाहिला, शक्कर तलावाचा वारा खाल्ला, गाविलगडाच्या वाटेला सावलीत उभ्या राहिल्या.

रोडग्यांबद्दल मात्र घाई करता येत नाही. गवऱ्यांचा आर नीट पडेपर्यंत हात लावायचा नाही. कणकेच्या घड्या घालून केलेले गोळे आधी वरून भाजायचे, मग राखेत पुरायचे, आणि तासभर लोकांना लांब ठेवायचं, हे सगळ्यात कठीण काम. तोवर वांगी शिजतात, वरणाला फोडणी बसते, कुणीतरी मिरच्या ठेचतो, आणि सासरे खाटेवर बसून सगळ्यांना चूक काढून दाखवतात. राख झटकून रोडगा फोडला की वाफ येते, त्यात तूप ओतायचं, कंजूषपणा न करता. डॅन्यूबवरच्या बोटीत पाच पदार्थांचं जेवण मिळतं असं साडभाऊ सांगत होते. तिथे त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं का, असं मी विचारलं. ते तिसरा रोडगा फोडत होते, त्यामुळे उत्तर आलं नाही.

परतवाड्यात सुरू केलेलं साडभाऊंचं घड्याळ बंद करायचं राहून गेलं होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ते घड्याळ फोनला जोडलेलं, फोन सायकलवाल्यांच्या एका ॲपला, आणि ॲपवर म्युनिकचा लेक. रात्री आम्ही अमरावतीला पोचेस्तोवर लेकाने घरच्या ग्रुपवर अभिनंदनाचे निरोप टाकायला सुरुवात केली होती. पाठोपाठ परतवाड्याच्या दोन अनोळखी सायकलस्वारांनीही ॲपवर हात जोडले. परतवाडा ते चिखलदरा घाट, सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर, त्या रस्त्यावर ॲपमध्ये नोंदलेला सर्वांत जलद चढ. चालकाचं वय ६७.

साडभाऊंनी चष्मा लावून सगळं दोनदा वाचलं. कुणाला काही सांगितलं नाही.

थोड्या वेळाने लेकाचा फोन आला. "बाबा, एक समजत नाहीये. दुसऱ्या वळणानंतर आख्ख्या घाटात तुमचे ठोके ७४ च्या वर गेले नाहीत. आणि संध्याकाळी साडेसहाला एकदम १२२. तेव्हा काय चढत होतात?"

साडभाऊंनी आमच्याकडे पाठ फिरवली.

"तिसरा रोडगा," ते म्हणाले.